आधीच्या सिस्टर जास्त प्रेमळ होत्या का? नर्सिंगमध्ये नेमकं काय बदललं, आतल्या लोकांनी सांगा

खडकवासलाकर:

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात वडील न्यूमोनियाने अ‍ॅडमिट होते, पुण्यातच, एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात. उपचार चांगले झाले, बिलाचं सोडा तो विषय वेगळा. पण माझी आत्या जिल्हा रुग्णालयातून इन्चार्ज सिस्टर म्हणून रिटायर झालीये, ती बाबांना भेटायला आली, तासभर नुसती बघत बसली आणि खाली कँटीनला आल्यावर जी सुरू झाली ती घरी पोचेपर्यंत. तिचं म्हणणं असं की या पोरी पेशंटच्या अंगाला हातच लावत नाहीत. येतात, मनगटावरचा पट्टा स्कॅन करतात, नाव काय जन्मतारीख काय विचारतात (बाबा तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाले, अगं सकाळपासून बदलली नाही जन्मतारीख), गोळी देतात आणि परत जाऊन कॉम्प्युटरपुढे बसतात. स्पंज मावशी करणार, कूस आम्ही बदलायची, जेवण भरवायचं आम्ही. मग सिस्टर कशाला? आमच्या वेळी असं नव्हतं वगैरे वगैरे.

मला आत्याचं थोडं पटतं थोडं नाही. कारण एका रात्री बाबांचं ऑक्सिजन एकदम खाली गेलं तेव्हा त्यातल्याच एका पंचविशीच्या मुलीने डॉक्टर यायच्या आत जे काही केलं ते बघून मी गार पडलो होतो, एकदाही गडबडली नाही.

हे विचारण्याचं अजून एक कारण म्हणजे भाची बारावी सायन्सला आहे आणि तिला बीएस्सी नर्सिंग करायचंय. घरात दोन पार्ट्या पडल्यात. ताई म्हणते परदेशात जाता येतं, जाऊ दे. दाजी म्हणतात आयुष्यभर रात्रपाळ्या आणि लोकांच्या शिव्या, त्यापेक्षा बीफार्म कर. त्यामुळे जे या लाइनमध्ये आहेत किंवा होते त्यांनी जरा मोकळेपणाने लिहा. खरंच काय बदललंय? गुळमुळीत नको.

चहाबाज:

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. माझी सासू रिटायर्ड मेट्रन आहे, आमच्या घरी अजून चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशात दुमडावे लागतात.

जाईजुई:

खडकवासलाकर, आत्याला माझा नमस्कार सांगा, बहुतेक एकाच काळातल्या आम्ही. मी ८२ साली सिव्हिलला ट्रेनिंगला लागले आणि शेवटी अधिसेविका म्हणून बाहेर पडले, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

आधी आमचं काम काय होतं ते सांगते, कारण आजच्या मुलींना ते खोटं वाटतं. सिरिंज काचेच्या. प्रत्येक इंजेक्शननंतर धुवायच्या, पिस्टन वेगळा बॅरल वेगळा, गॉजमध्ये गुंडाळून स्टरलायझरमध्ये वीस मिनिटं उकळायच्या. सुया त्याच त्याच. बोथट झाली की दगडावर घासायची आणि मग कापसातून ओढून बघायची, धागा अडकला म्हणजे टोकाला हूक आलाय, परत घासा. ग्लोव्हज धुवायचे, हवा भरून भोक आहे का बघायचं, वाळवून पावडर लावून जोड्या लावायच्या. नाइटला जरा वॉर्ड शांत झाला की गॉज कापायचं, कापसाचे बोळे करायचे, ड्रम भरून ठेवायचे. डायबेटिसच्या पेशंटची शुगर बघायची म्हणजे परीक्षानळीत पाच मिली बेनेडिक्ट घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, उकळायचं आणि रंग बघायचा. निळंच राहिलं तर शुगर नाही, हिरवं एक प्लस, मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी आलं की चार प्लस. त्या रंगावर इन्सुलिनचं युनिट ठरायचं! आज बोटाला टोचलं की पाच सेकंदात आकडा येतो. सलाइनचे थेंब घड्याळ लावून मोजायचो, आता पंपावर आकडा टाकला की झालं.

आता प्रेमाचं. आत्याचं म्हणणं खरं आहे, आम्ही पेशंटच्या अंगाजवळ जास्त होतो. स्पंज, बॅक केअर, तोंड पुसणं, नखं, केस, सगळं नर्सच करायची. पण ते का होत होतं हे आत्याला विचारा. कारण अख्खं हॉस्पिटल आम्हा विद्यार्थिनींवर चालायचं! थोडे महिने वर्ग झाले की सरळ वॉर्ड. सेकंड इयरची मुलगी रात्री एकटी तीस-चाळीस पेशंट बघायची. हातात टिकली एवढा स्टायपेंड, होस्टेलचं दार आठला बंद, मेट्रनची, म्हणजे मुख्य सिस्टरची, परवानगी घेतल्याशिवाय भावालासुद्धा भेटता येत नसे. म्हणजे ती सेवा होती खरी पण बऱ्यापैकी फुकटात राबवून घेतलेली होती. आज विद्यार्थिनी कॉलेजच्या असतात, केसबुक पूर्ण करायला येतात आणि जातात, स्टाफ तेवढाच. मग अंगाला हात कोण लावणार?

आणि उगाच सोनेरी रंग नको. सुया टोचून माझ्या बॅचच्या दोघींना कावीळ झाली, बी प्रकारची, लस वगैरे काही नव्हती तेव्हा. डिस्पोजेबल सिरिंज सर्रास आल्या त्या एड्सच्या भीतीने, आमच्या काळजीने नाही. लेबर रूममध्ये ओरडणाऱ्या बाईच्या मांडीवर चापट मारणाऱ्या सिस्टरही आमच्याच वेळच्या, मी डोळ्यांनी बघितल्यात. आज एखादीने तसं केलं तर व्हिडिओ निघेल, आणि निघायलाच हवा.

दाजींना सांगा, मुलगी नर्सिंगला नको हे ऐकायला आम्हालाही खूप मिळालं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनने विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हा तर गहजब झाला होता. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणार, कुठल्याही जातीच्या माणसाचं उष्टं-खरकटं काढणार म्हणून. मिरजेला वॉनलेस डॉक्टरांच्या मिशन हॉस्पिटलात सुरुवातीला शिकल्या त्या बहुतेक ख्रिश्चन मुली. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी तीन ठिकाणांहून नकार आला, कारण एकच, रात्री बाहेर असते. आता त्याच घरातले लोक आमची सून लंडनला नर्स आहे म्हणून सांगत फिरतात.

अजून एक. मुंबईच्या केईएमच्या सिस्टरांनी त्यांच्यातल्याच एका नर्सला, अरुणा शानबागला, ती हल्ल्यात कायमची अंथरुणाला खिळल्यावर १९७३ पासून २०१५ ला ती जाईपर्यंत सांभाळलं, त्यात किती पिढ्या रिटायर झाल्या. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोर होऊ दिला नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ च्या निकालात त्यांचं नाव घेऊन कौतुक केलंय. ज्याने कुणाची पाठ कधी पुसली नाही त्याला यात काय विशेष ते कळणार नाही.

रात्रपाळी:

जाईजुई मॅम प्रतिसाद आवडला, विशेषतः फुकट राबण्याचं, आमच्या सीनियर हे कधीच कबूल करत नाहीत.

मी कॉर्पोरेटला मेडिकल आयसीयूला आहे. आत्यांनी जे बघितलं ते स्कॅनिंग आणि जन्मतारीख, त्याबद्दल आधी. काकांना दर वेळी जन्मतारीख विचारतो कारण शेजारच्या बेडवर त्याच आडनावाचे दुसरे काका असतात, आणि अर्धवट गुंगीतला माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतो. पोटॅशियम, हेपॅरिन, इन्सुलिन, ही औषधं चुकीच्या माणसाला किंवा चुकीच्या डोसमध्ये गेली तर माणूस दगावतो, म्हणून ती देताना दुसऱ्या सिस्टरने बघून सही करायची असते. हे सगळं कुणाच्या तरी जिवावर बेतल्यावरच आलेलं आहे. त्यामुळे वैतागा पण उत्तर द्या प्लीज.

कॉम्प्युटरचं मात्र बोलूच या. बारा तासांच्या ड्युटीत मी काय काय भरते ऐका. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं दर तासाला बीपी, पल्स, सॅच्युरेशन, युरिन आउटपुट, व्हेंटिलेटरची सेटिंग, बीपी टिकवायचं नॉरअ‍ॅड किती मिलीवर चाललंय. हे हवंच, त्याच्याशिवाय डॉक्टर काय बघणार. मग पडण्याची शक्यता किती त्याचा स्कोअर, बेडसोरची शक्यता किती त्याचा स्कोअर, दुखण्याचा स्कोअर, लाइनचा बंडल, कॅथेटरचा बंडल (इन्फेक्शन टाळायच्या चेकलिस्ट). हेही एक वेळ ठीक. पण त्यानंतर फार्मसीचं इंडेंट म्हणजे औषधांची मागणी, उरलेल्या औषधांची रिटर्न, विम्याच्या टीपीएला पाठवायचे कागद, कुठला कन्झ्युमेबल बिलात चढला कुठला राहिला, डिस्चार्जची फाइल क्लिअर करणं... हे नर्सिंग आहे का? एकही ग्लोव्ह बिलात चढायचा राहिला तर सिस्टरला मेमो येतो, पण पेशंटची कूस दोन तासांनी बदलायची राहिली आणि कागदावर टिक असली तर कुणी विचारत नाही. आमच्याकडे म्हणतात लिहिलं नाही ते केलंच नाही. हळूहळू त्याचं उलटं झालंय, लिहिलं म्हणजे केलं. एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) ऑडिट असेल त्या आठवड्यात तर वॉर्डातला सगळ्यात आजारी पेशंट म्हणजे फाइल.

तरीही आत्यांचं एक पटत नाही. हात न लावता बघणं यालाही नर्सिंग म्हणतात. मॉनिटर सगळं बरोबर दाखवत असतं आणि पेशंट मात्र उगाच चादर ओढायला लागतो, घाम येतो, उठून बसायचं म्हणतो, असं दिसलं की मी डॉक्टरना फोन करते, सर मला हा पेशंट ठीक वाटत नाहीये. दोन वर्षांपूर्वीचे रेसिडेंट विचारायचे ‘ठीक वाटत नाही म्हणजे काय सिस्टर, व्हायटल्स सांगा.’ आताचे काही जण निमूट येतात. हा बदल मला पगारापेक्षा मोठा वाटतो.

पगाराचं निघालंच तर सांगते. २०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर केंद्राने कमिटी नेमली. कमिटीने सांगितलं दोनशेच्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा पगार द्या, आणि पन्नासपेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलातसुद्धा वीस हजारांच्या खाली नको. माझ्या आधीच्या हॉस्पिटलात दोनशेच्या वर बेड होते आणि मला जॉइनिंगला सोळा मिळायचे, शिवाय ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांच्याकडे जमा, सोडायचं म्हटलं तर बाँडचे पैसे भरा. सर्टिफिकेट सोडवायला वडिलांना वकील करावा लागला.

आणि मॅम, अरुणा शानबागचं दुसरं टोकही लिहा ना. तिला कपडे बदलायला तळघरात जावं लागायचं, तिथेच तो हल्ला झाला, आणि तेव्हाही नर्सेसनी संप करून सुरक्षितता मागितली होती. आज २०२४ ला कोलकात्याच्या आरजी कर हॉस्पिटलात डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि खून झाल्यानंतर पुन्हा तेच मोर्चे, तेच फलक. आमच्याकडे चेंजिंग रूम आहे, कडी आतून नीट लागत नाही, तीन महिने तक्रार पेंडिंग.

जाईजुई:

रात्रपाळी, कडीचं आजच्या आज लेखी द्या आणि खाली तिघी-चौघींच्या सह्या घ्या. तोंडी सांगून काही होत नाही, आमचा पन्नास वर्षांचा अनुभव आहे हा, म्हणजे सगळ्यांचा मिळून.

ब्रदर मराठवाडा:

पुरुषांची पण बाजू येऊ द्या की. मी ब्रदर आहे, सरकारी मेडिकल कॉलेजला, कॅज्युअल्टी आणि ऑर्थो जास्त केलंय. जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) होतो तेव्हा आमच्या बॅचला आम्ही हाताच्या बोटावर मोजण्याइतके पोरं, गावात कुणी विचारलं काय शिकतो तर वडील सांगायचे ‘मेडिकल लाइनला आहे’, पुढं काही नाही. पेशंट एकतर डॉक्टर म्हणतात नाहीतर कंपाउंडर, मधलं काही नाहीच. जड पेशंट उचलायचा असला, दारू पिऊन आलेला आवरायचा असला की लगेच ब्रदर ब्रदर. आणि एम्सच्या भरतीत ऐंशी टक्के जागा बायकांना, वीस आम्हाला. तक्रार नाही, फक्त सांगतोय, कारण पोरं आता खूप यायला लागलीत या लाइनला आणि त्यांना हे आधी माहीत नसतं. (जीएनएम बंद होणार हे मी अ‍ॅडमिशन घेतल्यापासून ऐकतोय, अजून चालूच आहे, त्या नादी लागू नका.)

वरती सगळे काय बदललं लिहितायत, मी काय नाही बदललं ते लिहितो. नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने टीचिंग हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स पाहिजे, साध्या हॉस्पिटलात पाचामागे एक. आमच्या वॉर्डला बेड साठ, पेशंट त्याहून जास्त, उरलेले खाली गादीवर, आणि रात्री आम्ही दोघं. कधी तिघं. तिघं असलो की चहा पिता येतो. आता सांगा कोणी कोणाची पाठ पुसायची? म्हणून आमच्याकडं नातेवाइकाशिवाय पेशंट घ्यायला जिवावर येतं, बेवारस आला की पोटात गोळा येतो, कारण त्याचं सगळं आपल्यालाच करायचंय आणि हात तेवढेच.

भरती कायमस्वरूपी करा म्हणावं तर बाहेरच्या एजन्सीमार्फत घेऊ म्हणतात, २०२२ ला त्याच्यावरूनच राज्यभर संप झाला. कोविडला घेतलेली कंत्राटी पोरं, ज्यांनी आठ-आठ तास किट घालून काढले, ना पाणी ना लघवी, किट काढलं की बुटातून घाम ओतायचा, लाट ओसरल्यावर त्यांना एका पत्रावर घरी पाठवलं. टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या ते बरं केलं, पण त्याच महिन्यात माझ्या मित्राला घरमालकानं खोली सोड म्हणून सांगितलं होतं.

मार खाण्याचं तर विचारू नका. राज्यात २०१० पासून कायदा आहे डॉक्टर-नर्सवर हात उचलला तर गुन्हा, त्याचा फलक पण लावलाय कॅज्युअल्टीला. गर्दी आली की पहिला तो फलकच फुटतो.

डोंगरवाटा:

सगळे हॉस्पिटलातलेच लिहितायत म्हणून मी लिहिते. मी एएनएम, म्हणजे गावची नर्सबाई, उपकेंद्राला. आदिवासी भाग, तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा नियम, सपाटीला पाच हजार. कागदावर तीन हजार, पाडे किती आणि त्यातल्या किती पाड्यांना पावसाळ्यात रस्ता असतो ते कागदावर नसतं.

माझ्या आधीच्या बाई ज्यांच्याकडून मी चार्ज घेतला त्या सांगायच्या, ९६ सालाआधी त्यांना कुटुंब नियोजनाच्या केसेसचं टार्गेट असायचं. मार्च जवळ आला की झोप उडायची, शिक्षकांना पण टार्गेट, मग एकाच बाईला गुरुजी पण पटवतायत आणि नर्सबाई पण. लोक नर्सबाई दिसली की घरात लपायचे, ही ऑपरेशनला नेणार म्हणून. लसीला पोर पुढे करायचे नाहीत त्याच भीतीने. टार्गेट गेलं तेव्हा कुठे बाईंना लोक घरात घ्यायला लागले. हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही की नर्सचा जॉब निम्मा विश्वासाचा असतो आणि तो वरून आलेल्या एका आकड्याने मोडतो.

बाळंतपणं त्या घरीच करायच्या, कंदिलाच्या उजेडात, रात्री बोलावणं आलं की नवऱ्याला बरोबर घेऊन पायी. २००५ नंतर जननी सुरक्षा आली, आशा ताई आल्या, मग १०८ आली, आता बहुतेक बायका दवाखान्यात येतात. माझ्या भागात आता घरी बाळंतपण झालं की मलाच नोटीस येते, इतका फरक पडला. चांगला आहे. पण आता पोर्टल! गरोदर बाईची नोंद आधी रजिस्टरमध्ये, मग तीच मोबाइलवर, लसीकरणाची वेगळ्या अ‍ॅपवर. रेंज नाही म्हणून मी टेकडीवर जाऊन बसते अपलोड करायला, आशा ताई छत्री धरते. महिनाअखेरच्या मीटिंगला साहेब विचारतात एंट्री का कमी, कुणी असं नाही विचारत की ती सातव्या महिन्याची सहा ग्रॅम हिमोग्लोबिनवाली पोरगी आता कशी आहे. मी तिच्याकडे आठवड्यातून दोनदा जाते. लोहाच्या गोळ्यांनी काळी शी होते म्हणून ती गोळ्या चुलीत टाकत होती, सासूला समोर बसवून समजावलं, आता सासूच मोजून देते. मागच्या तपासणीला आठ आलं. याची एंट्री कुठल्या रकान्यात करायची तो रकानाच नाहीये.

भाचीसाठी एक सांगते, बीएस्सी नर्सिंग केलेल्यांना आता उपकेंद्राला समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) म्हणून घेतात, बीपी-शुगरच्या गोळ्या तिथेच देतात. कंत्राटी आहे, पण काम खऱ्या अर्थाने हातात असतं. आमच्याकडची सीएचओ चोवीस-पंचवीसची आहे, म्हातारी माणसं तिला डॉक्टरीणबाईच म्हणतात.

रात्रपाळी:

डोंगरवाटा ताई, सहा वरून आठ! आमच्या आयसीयूत याला सेलिब्रेट केलं असतं. तुम्ही वेगळा धागा काढा ना प्लीज.

लीड्सचा पाऊस:

मूळ कोल्हापूर, आता यूकेत, नावात आहेच. इथला अनुभव टाकतो कारण आत्यांच्या प्रश्नाचं उत्तर थोडं इथे आहे.

इथे वॉर्डात नातेवाईक नसतात. भेटायच्या वेळेला येतात आणि जातात. त्यामुळे पेशंटला धुणं, टॉयलेटला नेणं, भरवणं हे नर्स आणि हेल्थकेअर असिस्टंटच करतात. मी भारतात आयसीयूत पाच वर्षं काढून आलो होतो, पहिल्याच आठवड्यात एका ऐंशीच्या आजोबांना अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की हे मी ट्रेनिंगनंतर कधी केलंच नव्हतं, आपल्याकडे ते मामा-मावशी नाहीतर पेशंटची बायको करते. आपल्या हॉस्पिटलांमध्ये निम्मं नर्सिंग नातेवाईक करतात आणि त्याचा हिशोब कुठेच नसतो. उलट सलाइनची सुई, जी आपण डोळे झाकून लावतो, ती इथे लावायला मला परत ट्रेनिंग घेऊन सही मिळवावी लागली. पहिले दोन महिने नुसतं बघत उभा. फार राग यायचा.

पण इथे एक आहे, डॉक्टरला नावाने हाक मारायची आणि डोस चुकीचा वाटला तर देणार नाही म्हणून सांगायचं. सांगितलं तर कुणी आवाज चढवत नाही. पाय धरायचे नाहीत की सर सर करायचं नाही.

परदेशाचं स्वप्न दाखवणाऱ्या ताईंसाठी: इंग्लिशची परीक्षा, आयईएलटीएस किंवा ओईटी, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग इथे येऊन प्रॅक्टिकल, ओस्की म्हणतात तिला. गेल्या दोन वर्षांत इथली बाहेरच्यांची भरती बरीच आटली आहे, त्यामुळे बारावीच्या मुलीने आजच्या बातमीवर चार वर्षांनंतरचं ठरवू नये. जर्मनीला जोर आहे, महाराष्ट्र सरकारने २०२४ ला बाडेन-वुर्टेमबर्गशी करारही केलाय, पण तिथे जर्मन बी-टू पर्यंत लागतं आणि ते गंमत नाही, दीड-दोन वर्षं घासावी लागते. कुठल्याही एजंटने आधी लाख-दोन लाख मागितले की तिथूनच परत फिरा. भरती करणारं चांगलं हॉस्पिटल नर्सकडून पैसे घेत नाही, उलट तिकीट काढून देतं.

तालुक्याचा डॉक्टर:

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. माझं दहा बेडचं हॉस्पिटल आहे, तालुक्याला. माझ्याकडच्या ‘सिस्टर’ बारावी झालेल्या मुली आहेत, मीच शिकवलेल्या. आसपासच्या बहुतेकांकडे हेच आहे, कुणी बोलत नाही एवढंच. जीएनएम झालेली मुलगी ठेवली होती दोनदा, सहा महिन्यांत सरकारी परीक्षा पास होऊन गेली, आणि जावंच, मी तिला तेवढा पगार देऊ शकत नाही.

रात्रपाळी:

सर, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून शिव्या देत नाही. पण त्या मुली इंजेक्शन देतात ना? रिअ‍ॅक्शन आली तर ओळखता येते का त्यांना? आणि त्यांना दिवसाला काय मिळतं? आम्हाला सोळा हजारावर घेतात ते याच हिशोबावर, की तालुक्याला सहा हजारात सिस्टर मिळते. एकीला दुसरीने पाडायचं काम आपोआप चालू आहे.

तालुक्याचा डॉक्टर:

रिअ‍ॅक्शन ओळखतात, ते मी घोकून घेतलंय. पगाराच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

चहाबाज:

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. सासूबाईंना हा धागा मोठ्याने वाचून दाखवतोय, बेनेडिक्टला त्या रंग क्रमाने म्हणत होत्या, मी वाचायच्या आधी.

खडकवासलाकर:

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. आत्याला वाचायला पाठवलं, तिचं म्हणणं ‘फुकट राबलो हे खरं आहे पण शिकलो पण तिथेच’, यावर जाईजुई यांनी बोलावं. दाजी अजून बीफार्मवरच आहेत. भाचीने सगळं वाचून एकच प्रश्न विचारलाय, कॉलेज कसं निवडायचं? सीईटी झाल्यावर यादी येईल, त्यात नावं शंभर, सगळ्यांच्या वेबसाइटवर त्याच हसणाऱ्या मुली.

जाईजुई:

आत्याचं बरोबर आहे, शिकलो तिथेच. म्हणूनच कॉलेजपेक्षा हॉस्पिटल बघा. कॉलेजला स्वतःचं निदान शंभर खाटांचं हॉस्पिटल लागतं असा नियम आहे, तेव्हा ते कुठे आहे आणि त्यात पेशंट आहेत का ते बघा. इमारत नव्हे, पेशंट. कुठलाही साधा दिवस धरा, न सांगता, सकाळी आठच्या सुमाराला जा, तेव्हा विद्यार्थिनी वॉर्डात असतात. ओपीडीच्या बाकावर बसा आणि कुणातरी थर्ड इयरच्या मुलीला विचारा, गेल्या महिन्यात स्वतः किती डिलिव्हरी बघितल्यास. ती अडखळली तर समजून जा. इंडियन नर्सिंग कौन्सिल, महाराष्ट्र कौन्सिल आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तिन्हीकडची मान्यता त्या वर्षाची आहे का ते त्यांच्या साइटवर बघा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विश्वास नको. जुन्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलला जोडलेली जागा मिळत असेल तर होस्टेल गळकं असलं तरी घ्या.

चहाबाज:

न सांगता जाणं महत्त्वाचं. आमच्या गावाजवळच्या एका कॉलेजात इन्स्पेक्शनच्या दिवशी अर्धं गाव अ‍ॅडमिट असतं. जेवण फुकट, वर दोनशे रुपये. आमचे शेजारी तीन वर्षं हर्नियाचे पेशंट आहेत.

रात्रपाळी:

आणि अ‍ॅडमिशनच्या वेळी ओरिजिनल जमा करायला सांगितले तर पोच लेखी घ्या, परत कधी मिळणार त्या तारखेसह. फीमध्ये युनिफॉर्म, होस्टेल, क्लिनिकल फी, बस वेगळी लावतात, ते आधीच विचारून घ्या. भाचीला माझ्याशी बोलायचं असेल तर निरोप टाकायला सांगा, या आठवड्यात नाइट आहे, दुपारी तीननंतर उत्तर देईन.